फोनमधली खट

सुरतेत मी एका मराठी साप्ताहिकात प्रुफं तपासायचे, तेव्हा आमच्याकडे यंत्रांविषयी लिहिणारे एक जण होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. धुळ्याकडचे, चाळिशीतले. फॅक्स कसा जातो, कॉम्प्युटर काय लक्षात ठेवतो, हे लूमवरच्या कामगारांना कळेल असं लिहीत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शहरात नवं टेलिफोन एक्स्चेंज आलं, तेव्हा त्यांनी लिहिलं की जुन्या लाइनीवर कुणी चोरून ऐकू लागलं की खट वाजायचं. आता काहीच वाजणार नाही.

चार दिवसांनी भर दुपारी साध्या कपड्यांतले दोघे आले. चहा घेतला. हे कुणी सांगितलं, असं विचारलं. भाऊ म्हणाले, यंत्राच्या छापील पुस्तकातच आहे. ते दोघे भाऊंना घेऊन गेले. कलम असं लावलं की जामीन नाही, एवढंच आम्हाला आठवड्याने कळलं.

मग ऑफिसचा फोन रोज चारच्या सुमारास वाजू लागला. उचलला की पलीकडे कुणी बोलत नसे. संपादकांनी उचलणं सोडलं. माझं टेबल जवळ, म्हणून मी उचलत राहिले. एके दिवशी एक पुरुष अगदी आपुलकीने, आमच्या घरच्या अहिराणीत बोलला, "मायना खोकला कसा शे आते?"

आईच्या खोकल्याचं मी फक्त भेस्तानला राहणाऱ्या माझ्या सख्ख्या भावाला सांगितलं होतं. ह्याच फोनवरून. रिसीव्हर ठेवून मी कितीतरी वेळ हात पदराला पुसत राहिले.

पुढच्या मुलाकातीला भाऊंच्या बायकोबरोबर, वहिनींबरोबर, मी तुरुंगात गेले. भाऊ वाळले होते, भिंत धरून उभे राहत. वहिनींचं मुलींबद्दल सांगून झालं, तेव्हा मी फोनचं सांगितलं. वाटलं, घाबरतील.

"भावाशी बोलताना मध्ये कुठे खट वाजलं?"

"नाही."

"नीट आठव."

"काहीच वाजलं नाही, भाऊ."

त्यांचा चेहरा उजळला. "मंग मी बराबर लिखेल व्हतं."

वहिनी रडू लागल्या. मला भाऊंच्या त्या आनंदाचीच भीती वाटली.

सव्वा वर्षाने ते सुटले. खटला उभाच राहिला नाही. सुरतेबाहेर चलथाणला बिऱ्हाड हलवलं. मी भेटायला गेले आणि पुन्हा लिहा म्हणाले. हळू आवाजात ते म्हणाले, लिहीन. मग उठून त्यांनी खिडकी लावून घेतली. बाहेर नुसता ऊस होता.