भिंतीवरची तारीख

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड पडवीत येऊन पडलं, तेव्हा मी घरापुढच्या खळ्यात उन्हात कोकमाची सोलं पसरत होते. असं कार्ड आपल्याकडे कुणी लगेच वाचत नाही. कोण गेलं असेल, याचा आधी मनातल्या मनात ठाव घेतात आणि मग अक्षराकडे बघतात. अक्षर वसंतदादाच्या बायकोचं, सुमनवहिनीचं होतं, रेडी गावाहून आलेलं. 'दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.' एवढंच. माझी बोटं कोकमानं लाल झालेली, ती कार्डावर उमटली. वसंतदादा गेला... तीन आठवडे झाले या गोष्टीला, पण ती दुपार अजून माझ्या अंगावरून उतरलेली नाही.

नात्यानं तो माझा कुणीच नव्हता. माझे वडील, आबा, मालवणजवळच्या आमच्या गावात शाळामास्तर होते आणि वसंता त्यांचा विद्यार्थी. सातवीची फायनल पास झाला आणि सरकारी हिवताप खात्यात फवारणीच्या कामाला लागला. पन्नाशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आपला जिल्हा रत्नागिरीच होता. आजच्या मुलांना सांगून खरं वाटणार नाही, पण हिवताप तेव्हा घरातल्या माणसासारखा राहायचा. एक दिवसाआड, ठरल्या वेळी यायचा. दुपारी बायका हातातलं काम टाकून म्हणायच्या, "आज माझी पाळी," आणि गोधड्या घेऊन कोपऱ्यात जाऊन पडायच्या. अंगातली थंडी गेली की ताप, ताप गेला की घाम, आणि मग सगळं जग धुवून काढल्यासारखं हलकं. मलाही तो ताप यायचा. त्या वर्षांतल्या माझ्या आठवणींवर अजून एक धुकट पडदा आहे. माडांच्या झावळ्या पाण्याखाली हलल्यासारख्या दिसायच्या, समुद्राचा आवाज उशीतून यायचा आणि कोयनेलच्या गोळ्यांनी कानात घंटा वाजत राहायच्या.

वसंता आणि त्याचा जोडीदार पंप घेऊन यायचे. बादलीत डीडीटीची पांढरी पूड कालवायची, फडक्यानं गाळायची, एकानं पंप मारायचा आणि दुसऱ्यानं लांब नळीनं भिंतीवर फवारा धरायचा. घर झालं की दाराशेजारी गेरूनं तारीख घालायची, म्हणजे वरच्या साहेबाला कळायचं की इथलं काम झालं. सुरुवातीला लोकांना भारी कौतुक होतं, कारण डासांआधी ढेकूण मेले. मग कुणाची मांजर मेली, कुणाच्या कोंबड्या मेल्या, आणि लोक दारं लावून घेऊ लागले.

त्या श्रावणात माझी मोठी बहीण, शालूताई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आईनं तिच्यासाठी आतली खोली सारवून ठेवली होती. वसंता पंप घेऊन आला, तसे आबा दारात उभे राहिले.

"आत नको. पोटुशी बाई आहे, हा वास तिला बाधेल. बाहेरच्या बाहेर मार आणि तारीख घाल."

वसंता तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. ज्या माणसाकडून पाटीवर अक्षर गिरवायला शिकला, त्याच्यापुढे काय बोलणार? "मास्तर, औषध भितूरच लागता..." एवढं तो पुटपुटला. आबांनी नुसतं बघितलं. मग त्यानं पडवी फवारली, गेरू घेतला आणि सुंदर, वळणदार अक्षरात तारीख घातली.

भाद्रपदात ताईला ताप आला. पहिल्या दिवशी आम्ही घाबरलो नाही. ताप काय, सगळ्यांनाच येतो. पण हा उतरेना. ती भलतंसलतं बोलू लागली. खोलीत पाणी भरलंय, होड्या भिंतीला लागल्यात, कुणीतरी दोर सोडा, असं हळू, अगदी समजुतीच्या स्वरात सांगायची. मी पायथ्याशी बसून भिंतीकडे बघायचे आणि मलाही त्या होड्या दिसल्यासारख्या वाटायच्या. सातव्या महिन्यातच ती मोकळी झाली. मुलगा होता. त्यानं डोळे उघडलेच नाहीत.

चार-पाच दिवसांनी, भर दुपारी, वसंता एकटाच आला. खळ्यातच उभा राहिला. आई 'ये' म्हणाली तरी पायरी चढेना.

"मास्तर, ती तारीख खोटी आसा. मी भितूर औषध मारूक नाय."

"मीच तसं सांगितलं होतं," आबा म्हणाले.

"तुम्ही सांगितल्यात. पण हात माझो होतो."

आबा आजवर विद्यार्थ्यासमोर कधी खाली बसले नव्हते. ते पायरीवर बसले. मग आतून ताईचा आवाज आला. इतका बारीक, की मला वाटलं ती पुन्हा तापातच बोलतेय.

"वसंता, पंप हाडलंस काय रे?"

"नाय गो, शालूताई."

"मगे उद्या घेवन ये. ही खोली मार. मी खळ्यात बसतंय."

दुसऱ्या दिवशी फवारा लागू नये म्हणून आईनं स्वतःच्या हातानं देव टोपलीत घालून तुळशीपाशी नेऊन ठेवले. ताईला गोधडीत गुंडाळून आम्ही फणसाच्या सावलीत बसवलं. वसंता आत गेला. पंपाचा आवाज येऊ लागला आणि दारातून पांढरं धुकं बाहेर तरंगत आलं. उन्हात ते चमकायचं आणि विरून जायचं. ताई त्या धुक्याकडे एकटक बघत होती. "गेल्यो होड्यो," असं काहीतरी ती म्हणाली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच रडली. फवारणी झाल्यावर वसंतानं नारळाच्या ओल्या सोडणानं जुनी तारीख घासघासून पुसली आणि नवी घातली. या वेळी अक्षर वाकडं आलं.

तो डास त्याच खोलीतला होता, असं कोण सांगणार? ताईला तपासायला आलेले डॉक्टरही तसंच म्हणाले होते. पण आबांनी ते स्वतःशी कधी मानलं नाही, आणि वसंतानंही नाही.

पुढे साठीच्या दशकात फवारणी कमी झाली आणि त्याला घरोघर ताप शोधायचं काम मिळालं. पंधरा दिवसांनी एक फेरी. पिशवीत काचपट्ट्या, सुई, कापूस आणि गोळ्या. ताप असेल त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा. मुलं त्याला 'रगतवालो' म्हणायची आणि माडामागे लपायची. वाद तो कधी घालत नसे. कुणी दार लावलं तर पायरीवर बसून राहायचा. खाडीपलीकडच्या एका घरात म्हातारीनं त्याला सकाळपासून बाहेर ताटकळत ठेवलं. दुपारी तिलाच राहवेना. म्हणाली, "ये रे बाबा, काय रगत घेवचा ता घे आणि माशाची कढी जेव." घरात तापानं फणफणलेली सून निघाली. ती वाचली.

तीन वर्षांनी ताईला मुलगी झाली. बारशाला वसंतदादा मागे, न्हाणीघराच्या बाजूला उभा होता. ताई उठली, सगळ्या बायकांमधून चालत गेली आणि बाळ त्याच्या हातात दिलं. बाळानं डोळे टक्क उघडून त्याच्याकडे बघितलं.

एकदा होडीतून खाडी ओलांडताना मी त्याला विचारलं, "दादा, अजून आठवतं?" पाण्याकडे बघत म्हणाला, "आठवता असा नाय गो. पण खंयच्याय दारात पाय टाकलो, की भितूर कोणतरी निजलेला आसा असा वाटता."

शेवटी त्याची बदली रेडीला झाली आणि तो तिथलाच होऊन गेला. खाणीच्या खड्ड्यांत पाणी साचायचं, तिथे काम पुष्कळ.

परवा मी रेडीला गेले. सुमनवहिनीनं पाय धुवायला मागीलदारी नेलं. मी दगडी डोणीत तांब्या बुडवणार तोच ती म्हणाली, "थांब गो, त्यात मासे आसत." वाकून बघितलं. हिरव्या पाण्यात नखाएवढे गप्पी मासे सावलीसारखे फिरत होते. निवृत्त झाल्यावर दादानं ते पाळले होते. डासांच्या अळ्या खायला विहिरीत, टाकीत सोडायला ज्याला हवे त्याला द्यायचा.

आम्ही बोलत होतो, तेवढ्यात कुंपणापाशी एक बाई येऊन उभी राहिली. लांबच्या वाडीतली असावी, हातात पितळी तांब्या. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"आजोबा आसत? बावीत सोडूक मासे होये होते."

वहिनीनं पदर सावरला. डोणीपाशीच उभी राहून तिनं तांब्यासाठी हात पुढे केला.

"आजोबा नाय," ती म्हणाली. "मासे आसत. हाड तो तांब्यो."