वाकून या

आधीच सांगते, भूतबीत मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते, आजही नाही. मी साताऱ्याकडची, संख्याशास्त्र शिकवते आणि अमावस्येला बिनधास्त नखं कापते. तेव्हा "मॅडम, तुम्ही घाबरला असाल" वगैरे सुरू करू नका. घाबरले नव्हते, संतापले होते...

गोष्ट नव्वदच्या दशकातली. बेलापूरच्या पुढे आमच्या विद्यापीठाचा कॅम्पस तेव्हा नुकताच उभा राहत होता — नाव मुद्दामच सांगत नाही. नव्या इमारती काचेच्या, चकचकीत; पण मुलींना टेकायला एक खोली नव्हती. जासई, नावड्याहून बस बदलत येणाऱ्या मुली जिन्याखाली बसून डबा खायच्या. मी भांडभांड भांडले, तेव्हा कुठे कोपऱ्यातलं मिठाचं जुनं गोदाम मिळालं. त्याचं रिनोव्हेशन झालं. नवी फरशी, नवा रंग, मागे बाथरूम. दार मात्र जुनंच ठेवलं — भरलेली बैलगाडी आत जाईल एवढं उंच. ही उंची लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थोड्याच दिवसांत दिसलं, की त्या दारातून शिरताना मुली वाकतात. सगळ्या. एकीला हटकलं तर म्हणाली, "मॅडम, आतून बाई सांगते ना... डोका सांबाल म्हणून."

"अगं, दार बघ की. तुझ्या खांद्यावर मी उभी राहिले तरी डोकं लागणार नाही."

"पण लागतं, मॅडम."

मी ताठ मानेने निघाले. भर दुपार, आत चिटपाखरू नाही. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि कानाशी बाईचा आवाज आला, चुलीपुढून हातातलं काम न सोडता बोलावं तसा — "डोका सांबाल गो."

मी कसली सांभाळतेय! खाडकन कपाळ आपटलं. लाकडावर आपटतं ना, तसंच. डोळ्यांपुढे काजवे चमकले. वर बघितलं तर नुसती हवा. हात उंचावून चाचपलं, काही नाही. कपाळावर टेंगूळ मात्र चांगलं लिंबाएवढं.

खोली झाडायला हिराबाई यायच्या, शेजारच्याच आगरी गावातल्या. त्यांना विचारलं.

"आमचे गावान दारा बुटकी, बाय," त्या म्हणाल्या. "पावना आला का घरातली बाई आतशी सांगतं, डोका सांबाल."

"मग इथे कोणाचं घर होतं का?"

"घर? मिठागर व्हता नुसता. मिठान कोन ऱ्हाते?" असं म्हणून त्याही वाकूनच आत गेल्या. म्हणजे एक सोपं उत्तर सापडत होतं, तेही गेलं.

बोभाटा वर पोचला. संस्थेच्या एका विश्वस्तांना — सगळे त्यांना दादासाहेब म्हणत — ऑफिससाठी गार जागा हवीच होती. मला बोलावून म्हणाले, "भुताटकी आहे म्हणे तिथं. पोरींना कशाला ठेवायचं? आम्ही बसतो."

मला काळजी भुताची नव्हती हो, खोली जाण्याची होती. पुन्हा ते जिन्याखालचे डबे!

"तिथे काहीही नाही," मी ठणकावलं.

"मग पोरी वाकतात कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब सुताराला घेऊन मापं घ्यायला हजर. मुली दारापाशी उभ्या. माझा जीव नुसता जळत होता. साहेबांनी पाऊल उचललं आणि मला स्पष्ट ऐकू आलं — "डोका सांबाल र."

मला 'गो' म्हटलं होतं. आता 'र'. म्हणजे कोण येतंय हे तिला दिसत होतं.

साहेबांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. माणुसकी म्हणून मी सांगितलं, "दादासाहेब, वाकून या."

"मॅडम, आम्ही आजवर कुणापुढं वाकलो नाही."

"मग या तसेच."

आले. असा आवाज झाला की सुतार दोन पावलं मागे सरकला. चष्मा उडून बाहेर पडला. साहेब कपाळ धरून कितीतरी वेळ वर बघत राहिले. हिराबाईंनी आतून पाणी आणून दिलं, ते त्यांनी बाहेरच उभं राहून प्यायलं.

"ती चौकट बदलून घ्या," जाताना म्हणाले.

"कुठली?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा उचलला आणि चालू लागले. खोलीचं नावही पुन्हा कोणी काढलं नाही.

सिव्हिलवाले येऊन बघून गेले. सायकॉलॉजीच्या सरांनी मनाचे खेळ म्हणून सांगितलं. मनाला टेंगूळ येतं का, एवढंच मी त्यांना विचारलं. ती बाई कोण, जिथे कधी घरच नव्हतं तिथे ती कोणाला सांभाळत होती... मला आजही सांगता येत नाही, आणि भूत म्हणायला मी अजूनही तयार नाही.

बाकी मी कोणापुढे वाकणाऱ्यातली नाही. नोकरीत याचे फटके बरेच खाल्ले, तेही न सांगता आलेले. त्या दारात मात्र रिटायर होईपर्यंत रोज वाकले. तिथे निदान आधी कोणीतरी सांगायचं.