नऊ इंचांच्या आतलं पातं

थळच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो की एक कोळीबाबा जाळी दुरुस्त करत बसलेले दिसायचे. घडीचा चाकू उघडण्याआधी दरवेळी म्हणायचे, "सांभाला हां, पातं उघडतंय." दोरा कापला की पातं लुंगीला पुसून, मिटून लगेच खिशात.

एकदा अलिबागला जाताना नाकाबंदीत आमची सहा आसनी रिक्षा अडवली. तेही त्याच रिक्षात होते, सोबत त्यांचे नवे व्याही. हवालदाराने कोळीबाबांचे खिसे तपासले आणि चाकू वर धरून ओरडला, "हत्यार घेऊन फिरतोस?"

"जाल्यासाठी हाय, साहेब," ते पुटपुटले. व्याही बाजूला सरकले.

फौजदारांनी पातं पाहिलं. "कायद्यातल्या नऊ इंचांच्या खूप आत आहे, बटणाचंही नाही. कामाचा चाकू बाळगणं गुन्हा नाही. घ्या."

कोळीबाबांनी हात पुढे केला नाही. मान खाली घालून म्हणाले, "साहेब, ह्ये जरा मोठ्यानं सांगा. माजं व्याही तिकरं हायेत."

पण फौजदार चाकू माझ्या हातात देऊन पुढच्या गाडीकडे वळले. व्याही चालकाशेजारी जाऊन बसले. अलिबाग आलं, तरी कोळीबाबांनी चाकू माझ्याकडे परत मागितला नाही.