नाव न घेता

शर्टाला काज करायला बसली की विजयमाला देवाशी बोलायची. शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे कारखान्यातून घरी येत, आणि सुई चालवता चालवता ती विचारायची, प्रभू, नणंदेला काय उत्तर देऊ, डाळ आज करू की उद्या. शहाणपण मागितलं की तो देतो, असा तिचा साधा विश्वास होता. मोठ्या गोष्टींना मात्र तिला चार जणींची जोड लागे. म्हणून गुरुवारची बायकांची प्रार्थना ती चुकवत नसे.

बुधवारी प्रतिक्षा आली. चर्चमधलीच पोरगी, आई नसलेली, दिपकशी लग्न ठरलेली. दार लोटून घेत ती म्हणाली, "काकू, लहानपणी मला फिट यायच्या. सहा वर्षांत एकदाबी आली न्हाई, पण गोळी चालू हाय. दिपकला सांगू का?"

"एक दिवस दे," विजयमाला म्हणाली. "देवाला विचारते."

गुरुवारी, प्रार्थना चालवणाऱ्या सुकन्याच्या घरी, तेरा बायकांपुढं, तिनं विचारलं. नाव न घेता. "एका मुलीचं लग्न ठरलंय. तिला फिट यायच्या. तिला काय सांगावं, तेवढं शहाणपण मला मिळावं म्हणून प्रार्थना करा."

सगळ्यांनी डोळे मिटले. सुकन्यानं सुरुवात केली. "हे प्रेमळ पित्या, त्या लेकराला बरं कर. तिच्या होणाऱ्या सासरी काही झाकलेलं राहू देऊ नकोस. मुलगा एकुलता एक हाय, बापा, तुला ठाऊक हाय."

विजयमालानं डोळे उघडले. आणखी पाच-सहा जणींचे उघडेच होते. त्या एकमेकींकडं बघत होत्या. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये जोडीची नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. या महिन्यात एकाच जोडीची नावं वाचली होती.

आमेन झालं, चहा आला. "आपण काय नाव घेतलं न्हाई, बाई," सुकन्या खारी बुडवत म्हणाली. भिजलेला तुकडा कपात गळून पडला. तो तिनं बोटानं काढून खाल्ला, बोट चोखलं. विजयमालाला त्या बोटाची किळस आली, त्या गोड 'बापा'ची आली. जिना उतरताना मात्र स्वतःचीच आली. सांगताना तिलाही बरं वाटलं होतं. तेरा माना एकदम आपल्याकडं वळल्या, त्याची चव अजून जिभेवर होती, नासलेल्या दुधासारखी.

प्रभू, आता काय करू, ती चालता चालता म्हणाली. विचारण्यासारखं कालही काही नव्हतं. पोरीला 'सांग' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते तिला तेव्हाच ठाऊक होतं.

ती घरी न जाता प्रतिक्षाकडं गेली. प्रतिक्षा भाकरी थापत होती.

"तुझं मी प्रार्थनेत सांगितलं. नाव नाही घेतलं, पण सगळ्यांना कळलं."

प्रतिक्षा पिठाच्या हातांकडं बघत राहिली. "तुमी देवाला विचारणार होता, काकू."

"व्हय."

"मग सुकन्यामावशींकडं कशाला गेलात? देव तितं राहतो व्हय?"

विजयमाला म्हणाली, "दिपकला तू सांग. आत्ता. त्या बायकांच्या आधी." सवयीनं तिचे हात जुळले. "चल, आधी प्रार्थना..."

"नको. तुमी बाहेर बसा."

ती पायरीवर बसली. हातांना पीठ होतं म्हणून प्रतिक्षानं फोन स्पीकरवर ठेवला होता.

"सुकन्यामावशींचे दोन मिस्ड कॉल आलेत," दिपकचा आवाज आला. "कोण गेलं का काय?"

"कुणी गेलं न्हाई. ऐक."

प्रतिक्षा बोलली, गोळीच्या नावासकट, काही न गाळता. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास बाहेर आला.

"गोळी रोज घेतेस ना?" दिपक म्हणाला. आवाज कोरडा होता.

"रोज."

"संध्याकाळी येतो. आईला मीच सांगतो."

विजयमालाच्या पिशवीत फोन थरथरला. सुकन्या. तिनं तो कट केला, आणि तोंडात जमलेली थुंकी गटारात टाकली.