आधी खांब, मग भिंत

मी देवासला पॉलिटेक्निकमध्ये बांधकाम शिकवते. पण धारला दादाने घर बांधायला काढलं, तेव्हा माझं कोण ऐकतंय! पिकतं तिथे विकत नाही.

नकाशा मात्र माझाच होता. आधी विटांची भिंत चढवायची, तिच्या कडेला एकाआड एक वीट पुढे काढून दाते सोडायचे आणि मग त्या दात्यांत खांबाचं काँक्रीट ओतायचं. भूकंपाचा धक्का आडवा येतो. भिंत आणि खांब असे एकमेकांत रुतलेले असले, तर भिंत तो जोर अंगावर घेते आणि खांब तिला फुटून पसरू देत नाहीत.

पण आमच्या घरात पहिला खांब मुहूर्तावर उभा राहतो, आणि मुहूर्त जवळचा निघाला. "भिया, पहले चारों कॉलम खड़े कर दो, दीवार बाद में भर देंगे," दादाने मिस्त्रीला सांगून टाकलं. मी पोचले तोवर खांबांना हळदकुंकू लागलं होतं. मी कडाकडा भांडले.

"अगं, खांब तेच, विटा त्याच. आगे-पीछे झालं तर काय बिघडतं?" दादा हसत म्हणाला. गुळगुळीत खांबांच्या मध्ये भिंती नुसत्या भरल्या गेल्या.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी हलका धक्का बसला. गावात भांडी वाजली, तेवढंच. दुसऱ्या दिवशी मी धारला गेले. भाचीच्या खोलीत, खांब आणि भिंत जिथे मिळतात त्या सांध्यावर, जमिनीपासून छतापर्यंत सरळ भेग गेली होती. दादाने ती पुट्टीने भरूनही टाकली होती.

"पडलं का काही?" त्याने विचारलं.

मी भिंतीवर दोन्ही तळवे टेकवून जोर दिला. पुट्टीचा भुगा खाली सांडला. भिंत माझ्या हाताने हलली होती. त्याच भिंतीला लागून भाचीची गादी होती.

"दादा, ही भिंत उतरव. निदान लोखंडी पट्ट्यांनी खांबांना बांधून तरी घे."

"आत्ताच पेंट झालाय. पुढच्या दिवाळीनंतर बघू."

तो बाहेर गेल्यावर वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, तुम्ही तुमच्या लेकीला इथे झोपवाल का?"

"नाही."

तिने गादी गुंडाळायला घेतली. तेवढ्यात दादा दारात आला. "राहू दे ती. पोरीला उगाच घाबरवू नका."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग गादी पुन्हा पसरली आणि भिंतीकडच्या बाजूने चादर नीट खोचली.