कुत्र्यासाठी स्थळ पाहणे आहे

माझ्या बायकोच्या काकांनी उभ्या आयुष्यात हौसेने एकही कुत्रा पाळला नाही, आणि तरीही अख्ख्या डहाणू तालुक्यात त्यांच्याइतके कुत्रे दुसऱ्या कोणाच्या दारात नव्हते. कोणी विचारलंच तर ते शांतपणे सांगत, "माझे नाहीत हे. लग्नाचे आहेत. चांगलं स्थळ आलं की जातील." स्थळं क्वचित येत आणि आली तरी काकांच्या पसंतीला उतरत नसत. २०१४ साली माझी बदली तलासरीला झाली तेव्हा त्यांच्या चिकूच्या वाडीत चार उपवर कुत्रे होते, ते तीन-चार वर्षांत चौदा झाले.

हे कुत्रे यायचे मुंबईहून, चांगल्या घरातून. मे महिन्यात मुलांनी हट्ट केला म्हणून पिल्लू आणायचं आणि ते सोफा कुरतडू लागलं की समुद्राची हवा खायला येताना वाटेत उतरवून द्यायचं, अशी या चांगल्या घरांची रीत. एकदा काका चारोटी नाक्यावर जीपची वाट बघत उभे होते. समोर एका पांढऱ्या गाडीतून एक गलेलठ्ठ लॅब्रेडॉर उतरवण्यात आला, त्याच्यापुढे बिस्किटांचा पुडा फोडला गेला आणि गाडी निघाली. पण पुढे टेम्पो आडवा होता. काकांनी कुत्र्याचा पट्टा धरला, गाडी गाठली आणि काचेवर टकटक केली. "साहेब, तुमचं सामान राहिलं." आतल्या बाई म्हणाल्या, "अहो, त्याला इथे मोकळं वाटेल." काका म्हणाले, "मग तुम्हीही उतरा, तुम्हालाही वाटेल," आणि मागचं दार उघडून त्यांनी कुत्रा आत लोटला. ही हकीकत त्यांनी आठवडाभर गावभर मिरवली. पुढच्या सोमवारी तोच कुत्रा त्याच नाक्यावर बसलेला सापडला. येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीत तो डोकावून बघत होता. काकांनी त्याला घरी आणलं आणि त्यानंतर ती हकीकत सांगणं बंद केलं. त्याच्या पट्ट्यावर ब्रूनो असं नाव होतं.

त्या दिवसापासून कुत्रा देण्याआधी घर पाहण्याचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. कैनाडच्या एका शेतकऱ्याला राखणीला कुत्रा हवा होता. काका पिशवीभर चिकू घेऊन त्याच्या घरी गेले, ओटीवर बसले आणि घरात माणसं किती, शिळं कोण खातं, रागीट कोण, सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, "बांधणार कुठे?" त्याने गोठ्याशेजारची जागा दाखवली. काका भर दुपारी त्या जागेवर आडवे झाले. घरातली बाई कावरीबावरी होऊन म्हणाली, "अवो काका, चटईवर तरी पडा." काका तासभर तसेच पडून राहिले. मग धोतर झटकत म्हणाले, "तीन वाजता तोंडावर ऊन येतं. नाही जमणार." डहाणूच्या बाजारातल्या एका गुजराती व्यापाऱ्याच्या गोदामात ते असेच लोळून आले आणि त्यालाही नापास केलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "काका, मने कुत्रा जोइए, जमाई नाय!"

जमाई म्हणाल तर मी होतोच. माझ्या मुलीला कुत्रा हवा होता, म्हणून काका तलासरीला आमच्या क्वार्टरवर आले. पोहे झाले. "मे महिन्यात कुठे जाता?" मी म्हटलं, "कोल्हापूरला. पंधरा दिवस." "कुत्रा?" "शेजाऱ्यांकडे ठेवू." "आणि शेजारी कोल्हापूरला गेले तर?" मग ते बाल्कनीत जाऊन आडवे झाले, आणि दोन वाजता उठून मला नापास केलं. वर म्हणाले, "जावई, पुतणी दिली तेव्हा एवढी चौकशी करायची राहून गेली." बायको दोन दिवस हसत होती. मी काही फार हसलो नाही.

खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच येई. दुसऱ्याच्या गोठ्यातलं ऊन मोजणाऱ्या या गृहस्थाच्या स्वतःच्या वाडीत एका गोणपाटावर तीन-तीन कुत्रे झोपत. स्वतःच्या परीक्षेला ते स्वतः बसले असते तर पहिल्याच प्रश्नाला आपटले असते. एकदा मी हे तोंडावर बोलून दाखवलं. ते म्हणाले, "एकदा न बघता परत पाठवला होता, जावई. पुन्हा नाही."

२०१९ साली काका वाडीत घसरले आणि गुडघा गेला. काकू आधीच गेल्या होत्या, बडोद्याच्या मुलाने त्यांना घेऊन जायचं ठरवलं. त्याच्या सोसायटीत कुत्रे चालत नव्हते. महिन्याभरात तेरा कुत्रे गेले, आणि गेले कुठे, तर ज्यांना काकांनी नापास केलं होतं त्यांच्याकडेच. कैनाडवाल्याने एक नेला, व्यापाऱ्याने दोन. कोणी जुनं काही काढलं नाही. राहिला ब्रूनो. म्हातारा, दोन्ही डोळ्यांनी अधू. त्याला कोणी मागितलं नाही.

जायच्या दिवशी मुलाची गाडी आमच्या दाराशी थांबली. काका काठी टेकत आत आले, मागे ब्रूनो. या खेपेला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. पोह्यांची बशी तशीच राहिली. मला राहवेना, मी म्हटलं, "काका, बाल्कनीत पडून बघत नाही?"

"आता पडलो तर उठता येणार नाही, जावई."

मग मीच गेलो आणि कामावरच्या कपड्यांत फरशीवर आडवा झालो. ब्रूनो वास घेत आला आणि शेजारी बसला. दारातून काकांनी विचारलं, "ऊन येतं?"

"येतं. दोन वाजल्यापासून. आजच पडदा लावतो."

"आणि मे महिन्यात?"

"तो कोल्हापूरला येईल."

"पास," असं म्हणून ते वळले. खाली मुलगा हॉर्न वाजवत होता. गाडी पांढरी होती.

ब्रूनो त्यानंतर दीड वर्ष आमच्याकडे होता. दर रविवारी बडोद्याहून फोन येई, आणि काका आधी पडद्याची चौकशी करत, मग आमची. एकदा त्यांनी सहज सांगितलं की सहाव्या मजल्यावर त्यांना गॅलरीतली खाट दिली आहे, माणसं चांगली आहेत, दिवसा घरी कोणी नसतं. मी बरं म्हटलं. त्या गॅलरीत दुपारी ऊन येतं का, हे आमच्यापैकी कोणी जाऊन, पडून पाहिलं नाही.