मनोऱ्यावरून दिसणारं घर

आमच्या वन्सं बसस्थानकावरच्या सामानघरात कामाला. लोक तिथे पिशव्या, पेट्या, गुंडाळलेल्या गाद्या ठेवतात, बिल्ला घेतात आणि आपल्या कामाला जातात. वन्सं खिडकीशी बसून त्या सगळ्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. त्यामुळे झालंय काय, की ह्या बाईचा जगातल्या दुसऱ्या एकाही सामानघरावर विश्वास नाही. कुठे फिरायला गेलो आणि बॅगा ठेवायची सोय दिसली, की ह्या आधीच म्हणणार, मला विचारा आत काय होतं ते! बिल्ले बदलतात, उंदीर कुरतडतात, नकोच ते. मग दाराबाहेरचा बाक पकडून बॅगांच्या मधोमध ठाण मांडणार. आठवडाभर परक्यांचं सामान सांभाळायचं आणि सुटीच्या दिवशी घरच्यांचं. मी किती डोकेफोड केली, पण त्यांच्यापुढे कुणाची डाळ शिजत नाही. माझीसुद्धा नाही, आणि माझी जीभ काय आहे हे घरात कुणालाही विचारा.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सासूबाई गेल्या तेव्हा हे जेमतेम चालायला लागले होते आणि वन्सं शाळेत होत्या. मामंजींनी मोठ्या शहरातला संसार गुंडाळला आणि दोन्ही पोरांना घेऊन आमच्या ह्या लहान गावात आले. वन्संनीच भावाला वाढवलं. स्वतःचं लग्न का नाही केलं असं कुणी विचारलं, की म्हणतात, वेळच कुठे होता, आणि उठून भांडी घासायला लागतात.

ह्यांना आई आठवत नाही. तिचा एक फोटोही घरात नाही. त्यांच्यापाशी आहे ते फक्त एक घर, तेही ऐकीव. लहानपणी रडायला लागले, की वन्सं त्यांना कुशीत घेऊन त्या घराचं सांगायच्या. नदी वळते तिथे पूल, पुलाला लागून उंच घर, सगळ्यात वरची खोली आपली, तिथे आई मशीनवर शिवत बसायची. मामंजी गेल्यावर पत्ता कुणालाच धड ठाऊक नव्हता, गल्ल्यांची नावंही मागेच बदलली. पण मामंजींनी एकदा वन्संना शहरातल्या मनोऱ्यावर नेलं होतं आणि तिथून बोट दाखवून म्हटलं होतं, ते बघ आपलं घर. वन्सं म्हणायच्या, मला वर नेऊन उभी करा, डोळे झाकून दाखवीन. वर जाऊन डोळे कशाला झाकायचे, असं मी एकदा विचारलं तर आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

भावाला ते घर एकदा दाखवायचं, ही एवढीच त्यांची इच्छा. स्वतःसाठी त्यांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. शहरात आम्ही गेलो नाही असं नाही, पण कधी दवाखाना, कधी कुणाचं लग्न, आणि मनोरा राहूनच जायचा. म्हणून ह्या वेळी लेकीच्या सुटीत खास शहर बघायलाच निघालो. वन्संनी चष्म्याचा नंबर आधी तपासून घेतला. गाडीत मला दोनदा विचारलं, मनोरा अजून आहे ना गं जागेवर? मी म्हटलं, वन्सं, मनोरा काय पळून जातोय?

सकाळी संग्रहालय झालं, वन्सं बाहेर बाकावर. मग मत्स्यालय झालं, वन्सं बाहेर बाकावर. लेकीनं ओढून पाहिलं, पण त्या हलल्या नाहीत. मी तिला म्हटलं, राहू दे, आत्याचा दिवस मनोऱ्यावर आहे. दुपारी बाजारात शिरलो आणि नको नको म्हणता पिशव्या फुगल्या. मनोऱ्यापाशी पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. वर सामान न्यायला मनाई होती. सामान ठेवायची खोली होती, पण तिथला माणूस खुर्चीत चक्क घोरत होता. वन्संनी त्याच्याकडे एकवार पाहिलं, समोरच्या बाकावर पिशव्या रचल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन, मी बसते."

आणि आम्ही गेलो. आता काय सांगायचं? त्यांच्या तोंडाला सवय आणि आमच्या पायांना सवय. ह्यांनी नेहमीसारखी तीनच तिकिटं काढली, लिफ्टवाला चला चला करत होता, लेक पुढे पळाली, दार लागलं.

वर वारा नुसता भणाणत होता. हे तडक नदीच्या बाजूला गेले आणि कठडा धरून उभे राहिले. नदी एकदा नव्हे, चांगली चारपाच वेळा वळत होती, आणि जिथे वळत होती तिथे पूल होता. लेक म्हणाली, बाबा, ह्यातलं आपलं घर कुठलं? ह्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग माझ्याकडे वळले. गर्दीत हात सुटलेल्या पोराचा होतो तसा चेहरा झाला होता. म्हणाले, मला कसं कळणार?

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. खाली वाकून पाहिलं. वन्सं एवढ्याशा दिसत होत्या. कपाळावर आडवा हात धरून त्या वर आमच्याकडेच बघत होत्या. मला राग आला, त्यांचा, माझा, सगळ्यांचाच. ह्यांना म्हटलं, इथून हलू नका, आणि खाली धावले.

खाली त्यांची टकळी सुरू झालीच. पिशव्यांत लेकीचे नवे कपडे आहेत, डबे आहेत, तू वेंधळी आहेस, तुझं लक्ष राहणार नाही.

"वन्सं, पिशव्या गेल्या खड्ड्यात," मी म्हटलं. "तुमचा भाऊ वर उभा आहे आणि त्याला घर दाखवणारं कुणी नाही."

त्यांनी पिशव्या माझ्याकडे सरकवल्या. उठल्या, केसांवरून हात फिरवला, चष्मा पुसला. मी आणखी एक तिकीट काढून त्यांच्या हातात कोंबलं. लिफ्टच्या दाराशी त्यांनी वळून पाहिलं ते पिशव्यांकडे की माझ्याकडे, देव जाणे.

बाकावर बसून वाट बघणं म्हणजे काय असतं, ते त्या दिवशी मला कळलं. लोक हसत जातात, हसत येतात, आणि आपण त्यांचे जोडे बघत बसायचं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग लिफ्टचं दार उघडलं आणि आधी हेच बाहेर आले, लेकीचा हात धरून, जवळजवळ पळतच. सापडलं, म्हणाले. ताईनं बरोब्बर दाखवलं. मोबाईलवर फोटो मोठा करून दाखवला. पुलापाशी एक छप्पर, गच्चीवर दोरीला कपडे वाळत घातलेले. ह्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची शुद्धही त्यांना नव्हती. इतक्या वर्षांत मी ह्या माणसाला असं पाहिलं नव्हतं. मग लेकीला घेऊन ते चहा आणायला गेले.

वन्सं माझ्या शेजारी टेकल्या. मी म्हटलं, झालं ना एकदाचं मनासारखं? त्या पिशव्यांच्या गाठी तपासत राहिल्या.

"ते नाहीये गं तिथे," त्या हळूच म्हणाल्या.

मला काही उमजेना.

"पूल आहे, वळण आहे. घर पाडलं. गाड्या उभ्या करायची जागा केलीय, भली मोठी. मी दोनदा चष्मा पुसून पाहिलं."

"मग ह्यांनी फोटो कसला काढला?"

"शेजारचंच एक दाखवलं. तो कसा बघत होता, तू पाहायला हवं होतंस. त्याला काय सांगू, की तिथे आता काही नाही?" त्यांनी नाक ओढलं. "मला वाटायचं, ती खिडकी एकदा बघितली ना, की बरं वाटेल. आई गेल्यापासून वाटतंय."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, हेच नवल.

तेवढ्यात हे चहा घेऊन आले. वन्संच्या पुढ्यात उकिडवे बसले, मोबाईल त्यांच्यासमोर धरला. "ताई, आई शिवायला बसायची ती खिडकी ह्यातली कुठली?"

वन्संनी चष्मा नीट केला. मोबाईल हातात घेऊन चित्र बोटांनी मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि खूप वेळ बघत राहिल्या.

"ही," त्या म्हणाल्या. "उजेड चांगला यायचा इथून. तुला ती इथेच घेऊन बसायची."